दक्षिण अमेरिकेचा नकाशा प्रथमच हाती घेताना
खंडांच्या प्राकृतिक रचनेचा अभ्यास आपण दक्षिण अमेरिकेपासून सुरू करीत आहात, ही निवड उत्तम आहे. देशांच्या सीमा तूर्त बाजूला ठेवून कोऱ्या नकाशावर आधी पश्चिम किनाऱ्यालगतची सुमारे ७,००० किलोमीटर लांबीची अँडीज रांग काढावी, मग पूर्वेकडील गियाना व ब्राझील ही प्राचीन पठारे, आणि नंतर ओरिनोको, ॲमेझॉन व पाराना यांची सखल खोरी भरावीत. नवशिक्यांच्या दोन चुका नेहमीच्या आहेत. चिलीतील अटाकामाचे वाळवंट केवळ अँडीजच्या पर्जन्यछायेमुळे, म्हणजे डोंगरांनी पाऊस अडवल्यामुळे, झाले असे ते लिहितात आणि त्याच किनाऱ्यालगतचा हंबोल्टचा थंड सागरी प्रवाह विसरतात. शिवाय नदी जवळच्या समुद्राकडेच वाहणार असे गृहीत धरतात. ब्राझीलमधील तिएते नदी अटलांटिकजवळ उगम पावूनही, आपल्या गोदावरीप्रमाणे, जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून पारानाला मिळते. भूपट्टांचा, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या प्रचंड तुकड्यांचा, तपशील सध्या नको. पश्चिमेकडील समुद्रतळाचा नाझ्का भूपट्ट खंडाखाली सरकतो, एवढे पुरे.