हिलटाउनच्या आजी काय सांगतायत?

प्रश्न : ताई, मुलगी स्कॉटलंडला डंडीत शिकते, मी तीन महिने तिच्याकडे आलेय. हिलटाउनच्या चढावर घर आहे. खालच्या मजल्यावरच्या ऐंशी पार केलेल्या आजी चहाला बोलावतात, जुन्या दिवसांचं भरभरून बोलतात, पण मधेच प्लेटी, बमर, केटल बायलर असं काहीतरी येतं आणि मी नुसती मान हलवते. थांबवून विचारलं तर त्यांना वाईट वाटेल का? मला हे सगळं लिहून ठेवायचंय.

उत्तर : अहो विचारा की! आपलं बोलणं कोणीतरी नीट समजून घेतंय हे बघून म्हाताऱ्या माणसांना बरंच वाटतं.

बमर म्हणजे गिरणीचा भोंगा. डंडी हे तागाचं गाव, बंगालमधून कच्चा ताग जहाजांनी इथे यायचा, तो इतका कडक की व्हेल माशाचं तेल आणि पाणी मारून मऊ करायचे, मग त्याचं सूत, कापड, पोती. आपल्या घरात धान्य यायचं ना बारदानात, तेच. कामाला बायका जास्त, कारण त्यांना मजुरी कमी द्यावी लागायची, आणि बेकार नवरा घरी चहाचं आधण ठेवणार, तो केटल बायलर. हे हसून सांगतात पण त्या पुरुषांनाही ते किती लागत असेल हो.

प्लेटी म्हणजे जुन्या दगडी इमारतींच्या मागच्या बाजूची उघडी गॅलरी, जिन्यातून तिच्यावर यायचं आणि तिथून आपापल्या दारात, अगदी चाळीसारखं. तिथूनच अंगणातल्या उंच खांबापर्यंत दोरी, तिच्यावर कपडे. प्लेटीवर कोण कोण उभं राहायचं, भांडणं कशावरून व्हायची, हे जरूर विचारा, कारण त्यातल्या खूप इमारती पाडून तिथे उंच टॉवर बांधले, ज्यांना तिथले लोक मल्टी म्हणतात, आणि मग अलेक्झांडर स्ट्रीटचे 23 मजल्यांचे चार मल्टीसुद्धा 2011 मधे स्फोटकं लावून एकदम पाडले. म्हणजे आजींनी एकाच चढावर दोनदा शेजार गेलेला बघितला असेल. तेव्हा इमारतीचं नाव लिहाच पण शेजारी कोण होतं तेही लिहा.

त्या गिरणीत होत्या का? असतील तर सूतकताई की विणकाम, हे आधी विचारा. विणकाम करणाऱ्या बायका कामावर जाताना हॅट आणि हातमोजे घालायच्या, सूतवाल्या डोक्याला रुमाल बांधायच्या, आणि हा फरक दोघींच्याही मनात पक्का असायचा. मागांच्या आवाजात काही ऐकूच यायचं नाही म्हणून त्या ओठ वाचायच्या, हातांनी खुणा करून गप्पा मारायच्या. आजींना म्हणा, करून दाखवा. वहीत ते नाही मावणार, म्हणून त्यांची परवानगी घेऊन व्हिडिओच काढा, आणि फक्त चेहरा नको, दोन्ही हात फ्रेममधे येऊदेत.