ओरिजिनल मागवलं, डुप्लिकेट आलं: पैसे परत कसे काढायचे?

गेल्या महिन्याभरात आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्यांचं दुखणं एकच आहे, ऑनलाइन मागवलं ओरिजिनल आणि घरी आलं डुप्लिकेट. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत, गावं ठेवलीत.

सांगली: सेलमध्ये ब्रँडेड शूज घेतले, छापील किंमत ४,२९९, मिळाले २,१०० ला. तीन आठवड्यांत सोल उकलला. शोरूममध्ये नेले तर तिथला पोरगा हसलाच, म्हणाला हे आमचे नाहीतच. ॲपवर आता 'रिटर्न विंडो क्लोज्ड' येतंय. पैसे बुडाले का?

नाही बुडाले. रिटर्न विंडो, म्हणजे माल परत करायची मुदत, ही त्या साइटची स्वतःची पॉलिसी आहे, साइज लहान झाली, रंग आवडला नाही, बायकोने नाक मुरडलं, अशा कारणांसाठी. बनावट माल ही वेगळी भानगड. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० मधला नियम ६ सरळ सांगतो की माल सदोष किंवा बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. त्यात सात दिवस, दहा दिवस अशी कुठलीही अट नाही.

मग एवढ्या लोकांचं अडतं कुठे? मी आत्तापर्यंत जेवढे चॅटचे स्क्रीनशॉट पाहिलेत त्यात बहुतेक वेळा एकाच जागी अडतं. तक्रार करताना यादीतून कारण निवडायचं असतं, तिथे आपण घाईघाईत 'क्वालिटी आवडली नाही' दाबतो आणि खाली लिहितो 'सर प्रॉडक्ट बरोबर नाही प्लीज हेल्प'. झालं, तुमची तक्रार क्वालिटीच्या डब्यात गेली आणि तिथे विंडो लागू होते. शब्द नेमका वापरा: बनावट. चॅटवरच्या पोराच्या हातात काही नसतं, त्याच्याशी भांडून बीपी वाढवू नका. साइटच्या अगदी तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं, म्हणजे ग्रिव्हन्स ऑफिसरचं नाव आणि ईमेल शोधा आणि तिथे चार ओळी लिहा, साधारण अशा: 'ऑर्डर नंबर अमुक, तारीख अमुक. ओरिजिनल म्हणून विकलेला माल बनावट निघाला आहे. ई-कॉमर्स नियम ६ प्रमाणे पूर्ण रक्कम परत करा आणि नियम ५ प्रमाणे विक्रेत्याचा पूर्ण पत्ता व ईमेल मला लेखी कळवा.'

ती शेवटची मागणी विसरू नका. खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागितलं तर मार्केटप्लेसला, म्हणजे दुसऱ्यांचा माल विकणाऱ्या साइटला, विक्रेत्याचा पत्ता, ईमेल सगळं द्यावंच लागतं, आणि गंमत म्हणजे हे मागितल्यावर बऱ्याचदा रिफंडची चक्रं आपोआप फिरायला लागतात. या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार मार्गी लावायची असते.

मधल्या काळात 'सदिच्छा म्हणून' तीनशेचं कूपन देऊ करतील. ते घेऊन 'इश्यू रिझॉल्व्ड' वर बोट ठेवलंत की पुढे तुमचाच क्लिक तुम्हाला दाखवतील.

नाशिक: फेस सीरम मागवलं, वास वेगळाच आला. आता म्हणतात उघडलेलं परत घेत नाही. पण ताई, न उघडता वास कसा कळणार? आणि डुप्लिकेट आहे हे सिद्ध कसं करायचं?

तुमचा पहिला प्रश्न त्यांनाच ईमेलमध्ये विचारा, मी चेष्टा करत नाहीये, तो मुद्दा लेखी राहू दे.

सिद्ध करायचं म्हणजे लॅबच गाठायला पाहिजे असं नाही. माझ्या भाचीकडे असाच एक सनस्क्रीन आला होता, आम्ही तो आणि मेडिकलमधून आणलेला असे दोन टेबलावर शेजारी ठेवले. लांबून जुळे भाऊ. मग हातात घेऊन बघितलं तर मेडिकलवाल्याच्या ट्यूबच्या शेपटीला जिथे ती चेपून बंद करतात तिथे बॅच नंबर आणि एक्सपायरी दाबून उमटवलेली, नखाला लागत होती. दुसऱ्यावर तेच आकडे शाईने छापलेले, सॅनिटायझर लावून अंगठा फिरवला तर एक्सपायरीचं वर्षच पुसलं गेलं. एमआरपीच्या स्टिकरखाली अजून एक स्टिकर निघालं ते वेगळंच. आम्ही या सगळ्याचा एका दमात व्हिडिओ काढला, सुरुवात कुरिअरच्या लेबलवरच्या ऑर्डर नंबरपासून.

तुम्हीही असंच करा, आणि बॅच नंबरचे फोटो मूळ कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा. ईमेल आयडी पाकिटावरचा घेऊ नका, कंपनीच्या वेबसाइटवरचा घ्या, पाकीटच खोटं असेल तर त्यावरचा पत्ता कशाला खरा असेल! एवढंच विचारा की हा बॅच तुमचा आहे का आणि हा विक्रेता तुमचा अधिकृत आहे का. 'अधिकृत नाही' म्हणजे माल खोटाच असं होत नाही हे ध्यानात असू द्या, पण 'हा बॅच आमचा नाही' अशी एक ओळ आली की तुमचं काम झालं. क्रेडिट किंवा डेबिट कार्डाने पैसे भरले असतील तर हीच ओळ बँकेतही चालते. बँकेला 'चार्जबॅक', म्हणजे कार्डाने भरलेले पैसे बँकेमार्फत परत, पाहिजे म्हणून लिहा आणि कारण बनावट माल असं टाका. कार्ड नेटवर्कच्या (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) नियमात याला साधारण १२० दिवस असतात पण शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, बँकेलाही कागद हलवायला वेळ लागतो. यूपीआयने भरले असतील तर मात्र मालाच्या भांडणात असा सोपा रस्ता नाही, तक्रारीचाच मार्ग.

आणि ते सीरम आता तोंडाला लावू नका. पुरळ आलं असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा ऑफिसातही एक अर्ज द्या. सौंदर्यप्रसाधनं १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतात, त्यामुळे बनावट क्रीम हा त्यांचाही विषय आहे.

पुणे: १२८ जीबीचं मेमरी कार्ड घेतलं, थोडे फोटो टाकल्यावर पुढचे उघडतच नाहीत. साइट म्हणते आम्ही फक्त प्लॅटफॉर्म, विक्रेत्याशी बोला. विक्रेता फोन उचलत नाही.

हा अनुभव मी स्वतः घेतलाय, कुठली साइट ते सोडा. अशा कार्डात आत ८ किंवा १६ जीबीच असतात, फक्त कंप्युटरला १२८ सांगायला शिकवलेलं असतं. जागा संपली की नवीन फोटो जुन्यावर बसतात किंवा हवेत जातात. माझे कोकणातल्या गणपतीचे फोटो असेच गेले, ते दुःख वेगळं. 'एचटूटेस्टडब्ल्यू' (H2testw) नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते कार्ड पूर्ण भरून पुन्हा वाचून बघतं आणि शेवटी किती जागा खरी ते आकड्यात सांगतं. त्या स्क्रीनचा फोटो म्हणजे घरबसल्या लॅब रिपोर्ट.

'आम्ही फक्त मधले' हे पालुपद आयटी कायद्याच्या कलम ७९ मधून येतं. मध्यस्थाला संरक्षण आहे, खरंय, पण मध्यस्थ मध्यस्थासारखा वागला तर. माल स्वतःच्या गोदामात ठेवायचा, त्यावर भरवशाचा बिल्ला लावायचा, स्वतःच्या गाडीतून पोचवायचा, कमिशन घ्यायचं आणि तक्रार आली की हात वर करायचे, हे दरवेळी खपत नाही. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने प्रेशर कुकरच्या प्रकरणात ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टला प्रत्येकी १ लाखाचा दंड लावला होता आणि अनुक्रमे २,२६५ आणि ५९८ कुकरच्या ग्राहकांना कळवून पैसे परत द्या असा आदेश काढला होता. ते कुकर नकली ब्रँडचे नव्हते, सक्तीच्या बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) मानकात बसत नव्हते, आणि कंपन्या पुढे दिल्ली हायकोर्टात गेल्या. पण 'विकणारा दुसराच आहे' एवढं म्हणून प्राधिकरणापुढे सुटका झाली नाही, तुमच्यासाठी मुद्दा तेवढाच.

म्हणून तक्रार करताना विक्रेता आणि साइट दोघांनाही पार्टी करा. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा, फोन नको असेल तर त्यांच्या वेबसाइटवर. हेल्पलाइन कोर्ट नाही, ती हुकूम देऊ शकत नाही, पण मोठ्या कंपन्यांकडे तक्रार थेट वरच्या टेबलावर जाते आणि दोन-तीन हजारांची बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

डोंबिवली: कॅश ऑन डिलिव्हरीने घड्याळ घेतलं, नकली निघालं. गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन केला, तो माणूस म्हणतो रिफंडसाठी एक ॲप टाका आणि क्यूआर स्कॅन करा.

करू नका! टाकलंच असेल तर आत्ता हे वाचणं सोडा, फोनचं नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन. पैसे *घ्यायला* पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, ॲप तर नाहीच. नंबर नेहमी ज्या ॲपवर ऑर्डर केली त्याच्या आतून घ्यायचा. कॅशवाल्यांना रिफंड खात्यात मिळतो, त्याची माहिती तुम्ही ॲपमध्येच भरायची.

डब्लिन (मूळचे साताऱ्याचे): इथून बाबांसाठी बीपी मशीन मागवलं, पैसे माझ्या कार्डावरून, बिल माझ्या नावावर. मशीन बनावट निघालं. मी तिकडे नाही, तक्रार कोण करणार?

बाबा करू शकतात. कायद्यात ग्राहक म्हणजे फक्त पैसे देणारा नाही, त्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच. आणि २०१९ च्या कायद्यापासून तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकता येते, म्हणजे कंपनीचं ऑफिस बंगळुरात असलं तरी बाबांना साताऱ्यापलीकडे जायला नको. अर्ज ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन होतो, वकील सक्तीचा नाही. तुम्ही फक्त बिल, कार्डाचं स्टेटमेंट आणि 'मशीन वडिलांच्या वापरासाठी घेतलं' असं एक पत्र सही करून पाठवा. बाबांनी तोवर रीडिंग दवाखान्यातल्या मशीनवर घ्यावं, हे आधी.

कोल्हापूर: घरगुती पार्लर चालवते, एकटीच. हेअर स्ट्रेटनर डुप्लिकेट आला. ते म्हणतात धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही.

अर्धवट कायदा सांगतायत. विकायला किंवा धंद्यासाठी घेतलेला माल यातून वगळलाय हे खरं, पण स्वयंरोजगारातून पोट भरायला घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. तक्रारीत हेच शब्द लिहा, स्वतः एकटीने काम करते हेही लिहा. दहा मुली कामाला आणि चार शाखा असत्या तर माझं उत्तर वेगळं असतं.

नागपूर: मराठी कादंबरी मागवली, पायरेटेड आली. तीनशे रुपयांसाठी आयोगात जायचं का?

जायला फी लागत नाही, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शून्य. मुदत दोन वर्षांची. वेळ मात्र जातो, कायद्यात तीन महिने लिहिलेत, प्रत्यक्षात किती ते आयोगाच्या व्हरांड्यात बसलेल्यांना विचारा. म्हणून तीनशेसाठी मी आधी प्रकाशकाला कळवेन. पिवळट पातळ कागद, झेरॉक्ससारखी फिकट अक्षरं, मधलीच सोळा पानं दोनदा, असे फोटो पाठवा. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांना याचा इतका ताप आहे की उत्तर बहुधा त्याच दिवशी येतं, आणि ते उत्तर जोडून साइटला ईमेल केला की रिफंडला फार खळखळ करत नाहीत.

केस टाकायचीच झाली तर वस्तू, पाकीट, बिल सगळं जपून ठेवा. पिकअपला पोरगा आला तर फोटो-व्हिडिओ काढल्याशिवाय त्याच्या हातात काही देऊ नका, नाहीतर नंतर ऐकायला मिळतं की तुम्ही भलतंच पुस्तक परत केलंत.

ठाणे: इन्स्टावर 'फर्स्ट कॉपी' म्हणून बॅग घेतली, महिन्यात चेन तुटली. बनावट मालाची तक्रार करू का?

बनावट माल म्हणजे ओरिजिनल असल्याची थाप मारून विकलेला माल. तुम्हाला त्याने फर्स्ट कॉपी सांगितलं आणि फर्स्ट कॉपीच दिली. चेनचं बघा, चांभाराकडे शंभर-दीडशेत होईल.