चालू वर्कफ्लो आणि फॉर्म बदलताना अर्ध्यावरची प्रकरणं अडकू नयेत म्हणून काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कर्जमंजुरीचा वर्कफ्लो कॅमुंडा 7 वर (कामाच्या पायऱ्या आकृतीप्रमाणे चालवणारं सॉफ्टवेअर) चालतो, शंभरावर प्रकरणं अर्ध्यावर आहेत, आणि आता फॉर्ममध्ये दोन रकाने वाढवून मंजुरीची एक पायरी घालायची आहे. नवी आवृत्ती चढवली तर जुन्या प्रकरणांचं काय?

कागदावर उत्तर सोपं आहे. जुनी प्रकरणं जुन्या आवृत्तीवर संपतात, नवी नव्या आवृत्तीवर सुरू होतात. मीही त्यावरच विसंबलो होतो. पण ही हमी फक्त आकृतीपुरती आहे. आकृती ज्यांना बोलावते ते फॉर्म, डीएमएनचे तक्ते (निर्णयाचे नियम लिहिलेले), उपप्रक्रिया ‘लेटेस्ट’ला, म्हणजे सगळ्यात नव्या आवृत्तीला, बांधलेले असतील तर जुनं प्रकरणसुद्धा आजचीच आवृत्ती उचलतं. कॉल अ‍ॅक्टिव्हिटी (उपप्रक्रिया बोलावणारी पायरी) आणि डीएमएनचं बाइंडिंग (कोणती आवृत्ती उचलायची ते) तुम्ही हात लावला नाही तर लेटेस्टच असतं. जावा डेलिगेटला, म्हणजे पायरीवर चालणाऱ्या जावा कोडला, तर आवृत्तीच नसते. क्लास बदलला की सगळ्यांसाठी बदलला.

आमच्याकडे हे असं अंगाशी आलं. शाखेतला माणूस तारणाची किंमत भरतो त्या फॉर्ममध्ये मी एका फील्डचं नाव बदललं, का तर जुनं नाव दिसायला गबाळं होतं. नव्या आकृतीतल्या गेटवेची (अट बघून पुढची वाट ठरवणाऱ्या फाट्याची) अटही त्याप्रमाणे बदलली. शुक्रवारी संध्याकाळी चढवलं. सोमवारी सकाळी शाखेतून फोन: “साहेब, चार वेळा बटण दाबलं, फाइल हलतच नाही.” जुन्या प्रकरणाने नवा फॉर्म उघडला होता, त्याने किंमत नव्या नावाने साठवली आणि जुना गेटवे जुनं नाव शोधत बसला. लॉगमध्ये ‘अननोन प्रॉपर्टी’. डेटाबेसमधला व्यवहार उलटला (रोलबॅक), त्यामुळे भरलेली किंमतही गेली आणि काम पुन्हा त्याच माणसाच्या यादीत. शेवटी जुनं नावच परत आणलं.

तेव्हापासून व्हेरिएबल (प्रकरणासोबत नावाने साठवलेली माहिती) फक्त वाढवतो. नाव बदलणं किंवा काढून टाकणं जुनं शेवटचं प्रकरण संपल्यावरच. नवा रकाना सक्तीचा केला तरी पुढच्या अटीत तो रिकामा असू शकतो असं धरूनच लिहितो. फॉर्मचं बाइंडिंग ‘डिप्लॉयमेंट’ (एकत्र चढवलेल्या फायलींचा गठ्ठा) ठेवा, म्हणजे आकृती आणि फॉर्म जोडीने राहतात. मात्र फक्त बदललेल्या फायली चढवण्याचा पर्याय तेव्हा बंद हवा. नाहीतर नव्या डिप्लॉयमेंटमध्ये आकृती असते आणि न बदललेला फॉर्म नसतो.

चाचणीत बहुतेक जण नवं प्रकरण सुरू करून शेवटपर्यंत नेतात आणि खूश होतात. खरी चाचणी उलटी आहे: जुन्या आवृत्तीवर प्रकरणं सुरू करा, प्रत्येक मानवी पायरीवर एकेक थांबवून ठेवा, मग नवी आवृत्ती चढवा आणि ती थांबलेली पुढे ढकला. मी वर सांगितलेली चूक यात पाच मिनिटांत सापडली असती.

लाइव्ह डेटाबेसची कॉपी घेऊन चाचणी करणार असाल तर सर्व्हर चालू करण्याआधी जॉब एक्झिक्युटर (टायमर आणि मागे चालणारी कामं उडवणारा भाग) बंद करा. कॉपीत टायमरही येतात. मुदत उलटलेले टायमर लगेच उडतात आणि खऱ्या कर्जदारांना स्मरणपत्रं जातात. (हेही अनुभवाने.)

नवी पायरी जुन्या प्रकरणांनाही लावायचीच असेल तर मायग्रेशन (चालू प्रकरण नव्या आवृत्तीवर हलवणं) आहे, कॅमुंडा 7.5 पासून. ते पायऱ्यांच्या आयडीवरून जोड्या लावतं, तेव्हा मॉडेलरमध्ये पायरी पुसून पुन्हा काढू नका, आयडी बदलतो. आधी एकच प्रकरण हलवून बघा.

आणि काही बिघडलंच तर घाईघाईने डिप्लॉयमेंट डिलीट करू नका. कॅस्केड (त्यावर अवलंबून असलेलं सगळंही पुसण्याचा पर्याय) लावलं तर त्यावरची चालू प्रकरणं इतिहासासकट जातात. जुनीच आकृती तिच्या फॉर्मसकट पुन्हा चढवा. ती सगळ्यात नवी आवृत्ती ठरते आणि पुढची प्रकरणं तिच्यावर सुरू होतात.