कुत्र्याच्या कानांची टोकं काळी पडून झडतायत, व्हॅस्क्युलायटिस सांगितलंय. स्टेरॉइड द्यावं का?

बहुतेक द्यावं लागेल, पण आधी कारण शोधा. मी गोव्यात फोंड्याला जनावरांचा डॉक्टर आहे. असले कान बुरशी समजून महिनोन्‌महिने मलम लावलेली कुत्री माझ्याकडे नेहमी येतात. हा रोग कातडीवर दिसतो, पण मूळ बारीक रक्तवाहिन्यांत असतं. त्यांच्या भिंती सुजतात, पुढे रक्त पोचत नाही आणि कानाचं टोक, शेपटीचं टोक, पंजाच्या गाद्या अशा ठिकाणची कातडी मरते.

लाल डागावर काचेचा ग्लास दाबून बघा. लाली फिकी पडली नाही, तर रक्त वाहिनीबाहेर झिरपलंय.

आपल्याकडे माझा पहिला संशय गोचिडीवर. तिच्यातून येणाऱ्या एर्लिकिया या जंतूसाठी रक्त तपासून घ्या. निघाला तर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक २८ दिवस, मध्येच न सोडता. घरात चिऱ्याच्या भिंती असतील तर सोप्याच्या (ओसरीच्या) फटींत टॉर्च मारा, अंगावर दिसतात त्याहून जास्त गोचिडी तिथे असतात. गेल्या काही महिन्यांत दिलेली औषधं, विशेषतः सल्फाची, आणि लसी डॉक्टरांना सांगा. रेबीजच्या लशीनंतरही क्वचित हे होतं. तरी लस स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. गोवा २०२१ मध्ये रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला तो कुत्र्यांना लसी टोचल्यामुळेच. बऱ्याच कुत्र्यांत कारण सापडतच नाही, हेही खरं.

बायोप्सी, म्हणजे कातडीचा तुकडा काढून तपासणी, करणार असाल तर शक्यतो स्टेरॉइडआधी, आणि तुकडा ताज्या लाल कडेचा. मेलेल्या काळ्या भागातून लॅबला फारसं काही कळत नाही.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड साधारण किलोमागे रोज १ ते २ मिलिग्रॅमने सुरू करतात आणि आराम पडला की हळूहळू उतरवतात. तहान, भूक, लघवी वाढेल. त्याला घाबरून गोळी एकदम बंद करू नका, जिवावर बेतू शकतं. सोबत माणसांची अंगदुखीची गोळी तर अजिबात नको, पोटात रक्तस्राव होतो. पेंटॉक्सिफायलिन जेवणासोबत द्यायचं. रक्त बारीक वाहिन्यांतून नीट फिरावं म्हणून ते असतं. गुण यायला १ ते ३ महिने लागतात, आणि नेमकं त्याआधीच लोक कंटाळून ते सोडतात याचं मला फार वाईट वाटतं. ते लागू पडलं की स्टेरॉइड कमी करता येतं. नाहीच जमलं तर प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोस्पोरिन आहे.

झडलेलं टोक परत येत नाही. नवी कड काळी पडायची थांबली की औषध लागू पडतंय असं समजा. ताप आला, पाय सुजले किंवा जेवण सोडलं, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. हाच रोग मूत्रपिंडाच्या वाहिन्यांतही होऊ शकतो.