गुरूकडे जा, पण पेटी घेऊन जा

प्रिय मुली,

पेटीला गिऱ्हाईक मिळालंय हे तू ज्या सहजपणे लिहिलंस, त्याचा मला राग आला. तो आधी सांगून टाकते. केंद्रातल्या गुरूंनी सांगितलं की वाद्य म्हणजे अहंकार आणि नोकरी म्हणजे झोप, दोन्ही टाकून ये. आणि तू गोंधळलीस. गोंधळलीस हे ठीकच. पण त्या निर्णयाला टेकू म्हणून गुर्जिएफला, गेल्या शतकातल्या त्या आध्यात्मिक गुरूला, पुढे केलंस, ‘त्यानेही सगळ्यांना सगळं सोडायला लावलं होतं’ म्हणून, ते ठीक नाही. रजनीशांच्या प्रवचनांतून तो तुला भेटला, पुण्यात पुष्कळांना तसाच भेटतो. आता जरा त्याच्याभोवतीच्या माणसांकडे बघ. ती माणसं येताना हातात काय घेऊन आली आणि त्याचं पुढे काय झालं, ते बघ.

माझं म्हणणं एकच आहे. हातातलं काम सोडून कुणाकडेही जायचं नाही.

तो स्वतः कुठून आला? जन्म अलेक्झांड्रोपोलचा, म्हणजे आजच्या आर्मेनियातलं ग्युमरी. बालपण कार्सला. आई आर्मेनियन, वडील ग्रीक आणि अशुग, आपल्या शाहिरांसारखे, तोंडपाठ काव्यं गाणारे. गिल्गमेशची कथा आपण लहानपणी वडिलांच्या तोंडून ऐकली होती, आणि तीच पुढे प्राचीन विटांवर कोरलेली सापडल्याचं वाचलं, असं तो सांगे. त्या वडिलांची गुरं साथीत गेली, तेव्हा त्यांनी सुतारकाम धरलं आणि गाणंही सोडलं नाही. मुलगा बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करून पैसे मिळवायचा, पुढे गालिच्यांचा व्यापार करायचा. त्याची शिकवण ‘चौथा मार्ग’ म्हणून ओळखली जाते, हे तू वाचलंयस ना? फकिराचा, संन्याशाचा आणि योग्याचा मार्ग संसाराबाहेर काढतो; चौथा मार्ग माणूस जिथे उभा आहे तिथूनच सुरू होतो. हे वाचूनही तू पेटी विकायला निघालीस?

आता थॉमस द हार्टमन. आरेन्स्की आणि तानेयेव यांच्याकडे शिकलेला संगीतकार. १९०७ साली सेंट पीटर्सबर्गच्या शाही रंगमंचावर त्याचा बॅले झाला होता. म्युनिकला चित्रकार कांडिन्स्कीशी मैत्री. असा माणूस १९१६च्या अखेरीस गुर्जिएफला भेटला आणि पुढच्या वर्षी क्रांतीच्या धामधुमीत पत्नी ओल्गासह त्याच्यामागे कॉकेशसमध्ये गेला. तिथे गुरूने काय केलं? या खानदानी संगीतकाराला किस्लोवोद्स्कच्या रस्त्यांवर रेशीम विकायला पाठवलं, जिथे पीटर्सबर्गची ओळखीची मंडळी हटकून भेटणार. त्याचा मान मोडला, पुरता मोडला. पण ‘संगीत सोड’ असं म्हटलं नाही. उलट १९१९मध्ये तिफ्लिसहून, म्हणजे आजच्या त्बिलिसीहून, त्याला आर्मेनियात पाठवलं. हार्टमन दांपत्याने येरेव्हानला कोमितास या आर्मेनियन संगीतकाराच्या रचना सादर केल्या आणि तिथलं खरं गाणं कानांत भरून घेतलं. मान आणि हुन्नर यांतला हा फरक तुझ्या गुरूंना कळतो का, ते तू त्यांना विचार. मी विचारायची गरज नाही, मला उत्तर माहीत आहे.

आणि मग ते दिवस आले, ज्यांच्यासाठी मी हे सगळं लिहितेय. १९२२पासून मंडळींचा मुक्काम पॅरिसजवळ, फाँतेनब्लोपाशी, प्रियुरे नावाच्या जुन्या वास्तूत होता. १९२४च्या जुलैमध्ये गुर्जिएफच्या मोटारीला भीषण अपघात झाला. तो वाचला, लिहायला लागला, आणि १९२५ ते १९२७ या काळात त्याने आणि हार्टमनने मिळून संगीत केलं. गुर्जिएफ शीळ घालायचा, किंवा पियानोवर एका बोटाने सूर काढायचा. आशियातल्या कुठल्या कुठल्या वाटांवर ऐकलेले, वळणावळणाचे, पाश्चात्त्य स्वरलिपीत सहज न मावणारे. हार्टमन मिळेल त्या खुणांनी ते धावत टिपायचा. पहिली चाल पुरती उतरवून होईतो गुरू दुसरीकडे वळलेला, पियानोच्या झाकणावर ताल धरलेला. सगळं सर्वांसमोर, संध्याकाळच्या बैठकीत. साथीला बसलेल्या माणसाला ही घालमेल वेगळी सांगावी लागत नाही. गवई पुढे निघून जातो, आपण भाता सांभाळत त्याच्या मागून जागा शोधत राहतो. अशा सुमारे ३०० रचना उरल्या. हार्टमनने पेटी विकली असती, म्हणजे संगीत टाकून रिकाम्या हाताने आला असता, तर यातली एकही उरली नसती. गुरूच्या डोक्यातले सूर गुरूबरोबर गेले असते.

पुन्हा सांगते, हातातलं काम सोडायचं नाही.

उस्पेन्स्की १९१५मध्ये मॉस्कोत गुर्जिएफला भेटला तो नावाजलेला लेखक म्हणून. पुढे गुरूपासून दूर झाला, पण ऐकलेलं काटेकोर मांडायची त्याची सवय कायम राहिली. आज ती शिकवण सुसंगतपणे वाचायला मिळते ती त्याच्यामुळे. झान द साल्झमन ही संगीतशिक्षक दालक्रोझच्या पद्धतीने ताल आणि हालचाली शिकवायची. तेच शिक्षण घेऊन ती आली, आणि गुरूची नृत्यं १९९०पर्यंत, वयाची शंभरी ओलांडून मरेपर्यंत, तिने जपली. रने दोमाल या कवीने स्वतःच्या जिद्दीने संस्कृत शिकून घेतलं होतं. या वर्तुळात आल्यावरही त्याने ते चालू ठेवलं.

आणि ओराज. याच्याबद्दल मला नेहमी वाईट वाटतं. लंडनचा नामांकित संपादक. १९२२मध्ये आपलं साप्ताहिक विकून प्रियुरेला गेला आणि जमीन खणत बसला. पुढे न्यूयॉर्कमध्ये गुरूचं काम त्याने वर्षानुवर्षं सांभाळलं, गुरूच्या ग्रंथाला इंग्रजी रूप दिलं. १९३०च्या अखेरीस गुर्जिएफ तिथे आला आणि त्याने ओराजच्या शिष्यांकडून ‘आमचा ओराजशी संबंध नाही’ अशा कागदावर सह्या मागितल्या. ओराजने स्वतःही सही केली! लोक याला समर्पणाची पराकाष्ठा म्हणतात. म्हणोत बापडे. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की तो इंग्लंडला परतला आणि १९३२मध्ये त्याने पुन्हा नवं साप्ताहिक काढलं. १९३४मध्ये गेला, तो संपादक म्हणून गेला.

गुर्जिएफ देवमाणूस होता असं मी म्हणत नाही. १९२९मध्ये हार्टमन दांपत्यालाही त्याने दूर लोटलंच. त्यानंतर ती भेट पुन्हा झाली नाही, तरी हार्टमनने ते संगीत जिवापाड जपलं. जपू शकला, कारण ते त्याच्या बोटांत होतं.

मी इतकी तावातावाने का बोलतेय ते तुला ठाऊक आहे. मलाही एका घरी ‘पेटी कुलपात घाल, मग ये’ असं सांगण्यात आलं होतं. मी घातली नाही. साथीला जात राहिले. हळूहळू त्या घराचं दार माझ्यासाठी बंद झालं. अहंकारी, समर्पण नसलेली, संसारी, सगळं ऐकलं. त्या घरी बसून जे कळायचं ते मला पुढे कुणी समजावलं नाही, याची हळहळ आजही आहे आणि ती जाणार नाही. पण मी बरोबर होते. आजही तेच करेन. पेटी कुलपात घालून मी तिथे गेले असते, तर त्यांना काय दिलं असतं? नुसतं एक होकार देणारं डोकं. तशी डोकी त्यांच्याकडे पुष्कळ होती.

तुला जायचं असेल तर जा. सकाळी ध्यानाला बस, अंगण झाड, भांडी घास, चारचौघांत अपमान झाला तर सोस. पण पेटी बरोबर ने. आत घेत नसतील तर उंबऱ्यावरूनच परत ये.

आणि जाण्याआधी एक काम कर. शेवटच्या वर्षांत पॅरिसमधल्या आपल्या घरी, रात्रीच्या जेवणानंतर, गुर्जिएफ मांडीवर छोटी पेटी घेऊन वाजवायचा. होय, पेटीच, एका हाताने भाता आणि दुसऱ्या हाताने सूर. १९४८-४९मधली ती ध्वनिमुद्रणं उपलब्ध आहेत. आवाज खरखरीत आहे, मागे माणसांची कुजबुज आहे. आधी ती ऐक, मग हार्टमनचा पियानो ऐक. ऐकताना तुझी पेटी समोर उघडी ठेव आणि त्याच्या मागोमाग वाजवून बघ. सूर कुठे लांबवतो ते मला सापडलंय, पण मध्येच भाता रोखून तो जे थांबे घेतो, ते माझ्या हाताला अजून बसत नाहीत. तुझा कान तरुण आहे. तुला बसले तर कसे ते लिहून कळव.

तुझी,
मावशी