आईचे मत, आईचा निर्णय

प्रश्न : आईला लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये मिळतात, मात्र सत्ताधाऱ्यांचे सामाजिक विचार आम्हाला पटत नाहीत. तिने मत कोणाला द्यावे?
— एक वाचक, इंदोरा, नागपूर

उत्तर : हा निर्णय सर्वस्वी आईंचाच आहे. २०२४ साली सुरू झालेली ही योजना सरकारी तिजोरीतून चालते. तिच्यासाठी कोणत्याही पक्षाचे मिंधे होण्याचे कारण नाही. गॅस सिलिंडर आणि औषधांची चिठ्ठी समोर ठेवून मत ठरवणाऱ्या बाईला स्वार्थी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. पण ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो गोरगरिबांनी दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारला, तिथे रिकाम्या खिशाला विचार परवडत नाहीत, असेही कोणी म्हणू नये. आईंशी जरूर बोला, दडपण मात्र आणू नका. मत कोणाला गेले हे दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्राची चिठ्ठी ७ सेकंद दिसते, तीही फक्त त्यांनाच.