पहिली नोकरी: पगाराआधी वॉर्ड बघ

ठाणे-नवी मुंबईत नव्या सिस्टर्सना कॉल लवकर येतात, म्हणून पहिल्याच ऑफरला हो म्हणू नकोस. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आधी हातात घे.

इंटरव्ह्यूत विचार: नाईटला वॉर्डात किती पेशंट, किती सिस्टर? व्हेंटिलेटरच्या पेशंटला एक सिस्टर, इतर आयसीयूत दोघांमागे एक, हे धरून चाल. सीनियरसोबत किती आठवडे ठेवणार, तेही विचार. ‘शिकशील हळूहळू’ एवढंच उत्तर आलं तर समज, पहिल्याच आठवड्यात एकटीला नाईट लागणार.

मग वॉर्ड दाखवा म्हण. इंजेक्शन ट्रॉली नीट बघ. पोटॅशियम क्लोराइडचे १० मिलीचे अँप्युल डिस्टिल्ड वॉटरशेजारीच पडलेत? घाईत एखादा हात चुकला आणि ते डायल्यूट न करता शिरेत गेलं, तर हृदय थांबतं. चांगल्या ठिकाणी ते वेगळं, लेबल लावून ठेवतात. वापरलेल्या सुया टाकायचा शार्प्सचा डबा काठोकाठ भरलेला असेल तर सुई टोचायची भीती आहेच. रक्तातून पसरणाऱ्या हेपटायटिस बीच्या लसीचे तीन डोस (०, १, ६ महिने) झालेत ना?

बाँड (ठराविक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर मुदत आणि रक्कम लेखी घे. ओरिजिनल सर्टिफिकेट जमा करू नकोस, झेरॉक्स दे. पगाराचा आकडा हातात येणारा की पीएफ कापायच्या आधीचा, हे स्पष्ट विचार.

नाईट रात्री आठला सुरू होत असेल तर ट्रान्स-हार्बर लोकलचं टाइमटेबल बघूनच हो म्हण. हॉस्टेल असेल तर खोलीही बघून ये, फोटोवर जाऊ नकोस.